कार्ल्सबॅड कॅव्हर्न्सला जाताय? तिकिटापासून वटवाघळांपर्यंत सगळं एका ठिकाणी

कार्ल्सबॅडच्या गुहा बघून आलेले लोक दोन प्रकारचे असतात. एक म्हणतात ठीक आहे, छान आहे, पण तासाभरात झालं, एवढ्यासाठी इतकं ड्रायव्हिंग नको होतं. दुसरे परत आल्यावर पंधरा दिवस तेच बोलत बसतात. फरक कुठे पडतो ते विचारलं की बहुतेक वेळा कळतं की पहिले लोक लिफ्टने खाली गेले आणि लिफ्टनेच वर आले, आणि दुसरे पायी उतरले. म्हणून गुडघे धड असतील तर पायी उतरा, लिफ्टने वर या आणि सीझन असेल तर संध्याकाळी वटवाघळं बघितल्याशिवाय निघू नका. बाकी सगळं प्लॅनिंग याच्याभोवती बसवायचं.

जागा आहे अमेरिकेत, न्यू मेक्सिकोच्या आग्नेय कोपऱ्यात, टेक्ससच्या सीमेला जवळजवळ चिकटून, चिवावा वाळवंटात. वरून बघितलं तर काटेरी झुडपं, निवडुंग आणि उजाड डोंगर, खाली काहीतरी असेल असं वाटतसुद्धा नाही. १९२३ मधे हे नॅशनल मॉन्युमेंट झालं, १९३० मधे नॅशनल पार्क, आणि १९९५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पार्कच्या हद्दीत शंभराहून जास्त गुहा माहीत आहेत पण आपल्यासारख्यांना बघायला मिळते ती मुख्यतः एकच, आणि ती पुरते.

कधी जायचं

गुहेच्या आत वर्षभर साधारण १३ डिग्री सेल्सिअस असतं, बाहेर बर्फ पडो नाहीतर चाळीस डिग्री होवो. त्यामुळे नुसती गुहा बघायची असेल तर कधीही जा, उलट हिवाळ्यात मधल्या वारी गर्दी कमी असते आणि बिग रूम या गुहेतल्या सगळ्यात मोठ्या दालनात कधी कधी आपण एकटेच असल्यासारखं वाटतं. मार्चमधली स्प्रिंग ब्रेकची सुट्टी आणि लाँग वीकेंड शक्यतो टाळा. थँक्सगिव्हिंग, ख्रिसमस आणि एक जानेवारीला पार्क बंद असतं.

पण वटवाघळं फक्त उन्हाळ्यात असतात. साधारण एप्रिल-मेमधे मेक्सिकोतून येतात, ऑक्टोबरच्या शेवटी थंडी पडली की परत जातात. जूनमधे पिल्लं होतात आणि जुलैच्या शेवटापासून ती पण उडायला लागतात, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमधे संख्या सगळ्यात भारी असते. मला निवडायला सांगितलं तर मी सप्टेंबर सांगेन, ऊन जरा उतरलेलं असतं, शाळा सुरू झालेल्या असतात, वटवाघळं असतातच.

रिझर्वेशन, आणि इथे लोक हमखास गोंधळतात

गुहेत जायला वेळेचं रिझर्वेशन लागतं, ते रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर माणशी १ डॉलर देऊन काढायचं. हा १ डॉलर म्हणजे तिकीट नव्हे! तो फक्त तुमचा नंबर लावायचा चार्ज आहे. खरं प्रवेशाचं तिकीट वेगळं, १६ वर्षं आणि पुढच्या प्रत्येकाला १५ डॉलर, ते तिथे व्हिजिटर सेंटरला पोचल्यावर घ्यायचं. १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश फुकट आहे पण रिझर्वेशनमधे त्यांना पण मोजायचं. आणि बाकी बऱ्याच पार्कांत गाडीमागे पैसे घेतात तसं इथे नाही, माणशी आहे, त्यामुळे पाचसहा मोठी माणसं असाल तर बरीच रक्कम होते. नॅशनल पार्कांचा वर्षाचा पास असेल तर पासवाला आणि त्याच्याबरोबर तीन मोठी माणसं चालतात. १ डॉलरचं रिझर्वेशन मात्र पास असला तरी लागतंच.

रिझर्वेशनची वेळ ही आत शिरायची वेळ असते, बाहेर यायची नाही. एकदा आत गेलात की निवांत बघा, कोणी हाकलत नाही, फक्त बंद व्हायच्या आत वर यायचं. सकाळचा सगळ्यात पहिला स्लॉट मिळाला तर डोळे झाकून घ्या. दुपारी उशिराचा घेऊ नका, कारण पायी उतरायची वाट आधी बंद होते आणि मग तुमच्यापुढे फक्त लिफ्ट उरते, म्हणजे परत त्या पहिल्या प्रकारच्या लोकांत जाऊन बसलात. वेळा सीझनप्रमाणे बदलतात, जायच्या आदल्या दिवशी पार्कच्या साइटवर एकदा नजर टाका, आणि तिथेच लिफ्ट चालू आहे का ते पण बघा. लिफ्ट बंद पडायचे प्रकार तिथे झालेले आहेत आणि तसं असेल तर जेवढं उतराल तेवढं चढून यावं लागतं.

आणि एक, १५ डॉलरचं तिकीट तीन दिवस चालतं. दुसऱ्या दिवशी परत जायचं असेल तर पावती जपून ठेवा आणि नवीन वेळेचं काय करायचं ते काउंटरवरच विचारून घ्या.

पोचणं आणि राहणं

बाहेरून विमानाने येणाऱ्यांना एल पासो सोयीचं, तिथून गाडीने अडीच तासाच्या आसपास. रस्ता ६२/१८०. हा रस्ता सरळ, रिकामा आणि दिसायला सुंदर आहे पण शहर सोडलं की पेट्रोल पंपाच्या भरवशावर राहू नका, एल पासोतून निघतानाच टाकी फुल करा. वाटेत ग्वाडलूप माउंटन्स नॅशनल पार्क लागतं आणि एल कॅपिटन नावाचा उभा सुळका लांबून दिसायला लागतो. तिथे पाच मिनिटं गाडी थांबवाच, कारण तो सुळका आणि तुम्ही जिच्या पोटात शिरणार आहात ती गुहा एकाच दगडाची आहे. साधारण २५-२६ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता आणि त्याच्या काठाने स्पंज, शेवाळं वगैरे जिवांची मोठी भिंत तयार झाली होती, तिचा हा चुनखडक. एका ठिकाणी भिंत बाहेरून बघायची, दुसऱ्या ठिकाणी आतून.

टेक्ससच्या मोठ्या शहरांतून, डॅलस-ऑस्टिनकडून येणाऱ्यांनी घड्याळाकडे लक्ष द्या. टेक्ससचा बहुतेक भाग सेंट्रल टाइमवर, न्यू मेक्सिको माउंटन टाइमवर, आणि सीमेजवळ फोन मधेच एक दाखवतो मधेच दुसरं. रिझर्वेशनची वेळ माउंटन टाइमची असते.

पार्कमधे हॉटेल नाही. फाट्यावरच्या व्हाइट्स सिटीत थोडीफार सोय आहे, तिथून व्हिजिटर सेंटरपर्यंत ७ मैलांचा वळणावळणाचा रस्ता. नाव सिटी असलं तरी सिटी वगैरे काही नाही. खरं राहायचं ते कार्ल्सबॅड गावात, अर्धा तास लांब. तिथली हॉटेलं बघून लोक चक्रावतात की एवढ्याशा गावात एवढं भाडं? तर हा पर्मियन बेसिनचा तेलाचा पट्टा आहे, आठवडाभर तेलकंपन्यांची माणसं खोल्या भरून टाकतात, म्हणून सोमवार ते गुरुवार महाग आणि शनिवार-रविवार त्यामानाने स्वस्त असा उलटा हिशोब असतो. त्याच कारणाने २८५ नंबरच्या रस्त्यावर टँकर आणि ट्रकची भयंकर वर्दळ असते, रात्री तो रस्ता नको.

अंगावर काय, पिशवीत काय

बंद बूट, चांगली ग्रिप असलेले. वाट पक्की बांधलेली आहे, कठडे आहेत, पण छतातून थेंब पडत असतात आणि उतारावर ओलं असतं. चपला, फ्लोटर नकोत. एक पातळ जॅकेट घ्या. बाहेर उकाड्यात शॉर्ट्सवर आलेली माणसं आत दीड तासाने हात चोळत फिरताना दिसतात. उतरताना चालून अंग गरम असतं त्यामुळे तेव्हा जाणवत नाही, खाली बिग रूममधे रमतगमत फिरायला लागलं की थंडी वाजते.

बूट, जॅकेट, टोपी, बॅग यातलं काहीही आधी दुसऱ्या गुहेत वापरलेलं असेल तर ते इथे आणू नका. वटवाघळांना पांढऱ्या नाकाचा एक बुरशीजन्य रोग होतो, तो अमेरिकेत २००६ मधे न्यू यॉर्क राज्यात पहिल्यांदा दिसला आणि तेव्हापासून लाखो वटवाघळं मेली आहेत, आणि ती बुरशी माणसांच्या कपड्याबुटांवरून एका गुहेतून दुसरीकडे जाऊ शकते. रेंजर विचारतात तेव्हा खरं सांगा.

खाण्यापिण्याचं म्हणाल तर आत फक्त साधं पाणी चालतं. ज्यूस नाही, कॉफी नाही, च्युइंगम नाही, मुलांच्या खिशातली गोळी सुद्धा नाही. हा नियम अति वाटत असेल तर २०२४ मधला प्रकार ऐका. कोणीतरी बिग रूममधे वाटेच्या बाहेर चीटोजचं, म्हणजे मक्याच्या कुरकुरीत खाऊचं, पाकीट टाकलं. आतल्या दमट हवेत ते मऊ पडलं, त्याच्यावर बुरशी आली, ती खायला किडे-माश्या आल्या आणि त्यांनी ते कण आसपासच्या दगडांवर पसरवले. शेवटी रेंजरना बसून तो सगळा कचरा आणि बुरशी काढावी लागली. पार्कने स्वतःच हे फोटोसकट जाहीर केलं होतं. म्हणजे एका पाकिटाची ही गत. तेव्हा वर व्हिजिटर सेंटरलाच पोटभर खाऊन घ्या.

बाबागाडी आत चालत नाही, लहान बाळ असेल तर कॅरिअर आणा. हातातली काठी वैद्यकीय कारण असेल तरच नेता येते. एक छोटी टॉर्च जरूर घ्या. कोपऱ्यातल्या बारीक गोष्टी, पाण्याच्या डबक्याचा तळ, दगडावरचं पॉपकॉर्नसारखं नक्षीकाम हे सगळं टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाही. लेझर मात्र नको.

आता उतरायचं

या वाटेला नॅचरल एंट्रन्स ट्रेल म्हणतात, साधारण २ किलोमीटर, आणि तेवढ्यात तुम्ही जवळपास ७५० फूट खाली जाता, म्हणजे पंचाहत्तर मजले उतरल्यासारखं. तासभर धरा, फोटोवाले असाल तर सव्वा-दीड. जायच्या आधी वर टॉयलेटला जाऊन या, मधे सोय नाही, थेट खाली पोचल्यावरच आहे. एकदा सुरू केल्यावर मधे बसायला जागा आहेत पण मधूनच लिफ्ट वगैरे नाही, परत फिरायचं तर चढायचं.

ज्यांना गुडघ्याचा, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास आहे त्यांनी हट्ट करू नये. आई-बाबा किंवा सासू-सासरे बरोबर असतील तर सरळ दोन गट करा. तुम्ही पायी निघा, त्यांना कोणाबरोबर तरी तासाभराने लिफ्टने पाठवा आणि खाली विसाव्याच्या जागेत भेटा. भेटायची वेळ वरच ठरवून घ्या कारण आत फोनला रेंज शून्य. खाली बिग रूमची वाट बरीचशी सपाट आहे, ती ज्येष्ठांना आरामात जमते, अर्ध्यातून परत यायचा शॉर्टकट पण आहे, त्याने साधारण १ किलोमीटर होतं. व्हीलचेअर पण काही भागात जाते.

सुरुवातीलाच तोंडाशी वळणंवळणं घेत उतरायला लागतं आणि नाकात एक उग्र वास शिरतो. ती वटवाघळांची विष्ठा. उन्हाळ्यात डोक्यावर पाकोळ्यांचा कलकलाट चालू असतो. मागे वळून बघा, आभाळाचा तुकडा प्रत्येक वळणावर लहान होत जातो, मग एक वळण येतं आणि उजेड गेलाच. इथे दोन मिनिटं नुसतं उभं राहा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो आणि घाईने पुढे गेलं तर पहिला अर्धा भाग नुसताच काळा दिसतो.

पुढे देवमाशाच्या जबड्यासारखं दिसणारं व्हेल्स माउथ, आणि त्यानंतर आइसबर्ग रॉक म्हणून छतातून निखळून पडलेला एक दगड, वजन अंदाजे दोन लाख टन सांगतात. वाट त्याच्या भोवतीने फिरते आणि बराच वेळ चालून झाल्यावर तुमच्या लक्षात येतं की अजून तोच दगड चाललाय. हळू बोला. आवाज इथे फार लांब जातो, आपल्या लोकांच्या गप्पा तर जरा जास्तच.

बिग रूम

ही मुख्य गोष्ट. उत्तर अमेरिकेत एवढी मोठी एकसंध गुहेची खोली दुसरी नाही असं मानतात, सव्वाआठ एकर. भोवतीने साधारण २ किलोमीटरची वाट, दीड तास द्या. घड्याळ बघत गेलात तर पाऊण तासात संपते, पण मग कशाला आलात.

इतकी मोठी पोकळी झाली कशी हे आधी माहीत असेल तर बघायला जास्त मजा येते. बहुतेक चुनखडकातल्या गुहा पावसाच्या किंचित आंबट पाण्याने वरून खाली कोरल्या जातात. इथे उलटं झालं. खालच्या तेलाच्या साठ्यांतून हायड्रोजन सल्फाइड वायू भेगांमधून वर आला, पाण्यातल्या ऑक्सिजनशी मिसळून त्याचं सल्फ्युरिक अ‍ॅसिड झालं आणि त्याने आतल्या आत खडक विरघळवला, साधारण ४० ते ६० लाख वर्षांपूर्वी. म्हणून खाली नदी वगैरे नाही, आणि खोल्या अशा अचानक प्रचंड होतात. याचा पुरावा वाटेतच पडलेला आहे, पांढरट जिप्समचे मोठमोठे ठोकळे, त्या रासायनिक क्रियेतून उरलेले. लोक त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत कारण ते देखणे नाहीत. त्यांच्यावर टॉर्च मारा, वरून पडणाऱ्या थेंबांनी त्यांना सरळ उभी भोकं पडलेली दिसतील.

छतावरून लोंबणारे आणि जमिनीतून वर आलेले लवणस्तंभ हे सगळं नंतरचं, पावसाचं पाणी झिरपून चुना साठत साठत झालेलं. हॉल ऑफ जायंट्समधला जायंट डोम हा लवणस्तंभ ६० फुटांच्या वर आहे. टेंपल ऑफ द सन, डॉल्स थिएटर, मिरर लेक ही पण चुकवू नका. बॉटमलेस पिट नावाच्या खड्ड्याला तळ आहे, १४० फुटांवर, पण कठड्यावरून बघताना ते पटत नाही. एके ठिकाणी खालच्या मजल्यावर जायची जुनी तारेची शिडी अजून लटकतेय, १९२४ च्या नॅशनल जिओग्राफिकच्या मोहिमेतली. ती बघून आपल्या कठड्यांची आणि दिव्यांची किंमत कळते. त्याआधीच्या पाहुण्यांना तर वटवाघळांचं खत उपसायच्या बादलीतून १७० फूट खाली सोडायचे. लिफ्ट आली १९३२ मधे.

हात लावू नका, कशालाच. त्वचेचं तेल दगडाला लागलं की पाणी तिथे चिकटत नाही आणि वाढ थांबते, वर काळपट डाग राहतो तो वेगळा. पाण्यात नाणी टाकायची सवय असेल तर ती आवरा. आपल्या कपड्यांचे धागे आणि केस सुद्धा तिथे साचतात आणि ते ब्रशने, चिमट्याने उचलायला दरवर्षी स्वयंसेवक येतात, एवढं सांगितलं तरी पुरे.

फोटोसाठी फोनचा नाइट मोड, हात कठड्याला टेकवून. फ्लॅशने समोरचे चार फूट उजळतात आणि मागचं सगळं काळं होतं, त्यामुळे फ्लॅश बंदच बरा. आणि कुठलाही फोटो मोठेपणा दाखवत नाही, शेजारी माणूस उभा केला तर थोडा दाखवतो.

रेंजरबरोबरची किंग्ज पॅलेस टूर उपलब्ध असेल तर नक्की घ्या. वेगळे ८ डॉलर लागतात, दीड तास, चार वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत. जमिनीपासून ८३० फूट खाली नेतात, आणि मधे एकदा सगळे दिवे बंद करतात. परत येताना ८० फुटांचा चढ आहे. जागा पटकन भरतात आणि ही टूर रोज असेलच असं नाही, म्हणून गुहेचं रिझर्वेशन काढतानाच हिची वेळ पण बघा आणि पायी उतरून झाल्यावर अर्धा तास हातात राहील अशी घ्या.

संध्याकाळी वटवाघळं

गुहेतून दुपारी बाहेर आलात की मधले तास कसे काढायचे हा प्रश्न येतो. उन्हाळ्यात वरच्या ट्रेल्सवर दुपारी फिरू नका. कार्ल्सबॅडला जाऊन जेवून, झोपून परत या, किंवा व्हिजिटर सेंटरमधलं प्रदर्शन बघा.

गुहेच्या तोंडासमोर दगडी पायऱ्यांचं अर्धगोल प्रेक्षागृह आहे. साधारण मेच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत रोज संध्याकाळी तिथे रेंजर माहिती देतात, फुकट, रिझर्वेशन नाही. सुरू व्हायची वेळ सूर्यास्ताप्रमाणे सरकते, व्हिजिटर सेंटरला विचारा आणि अर्धा तास आधी जाऊन बसा. कॅमेरा, फोन, घड्याळातला स्क्रीन, सगळं बंद आणि आत. वटवाघळांना त्रास होतो म्हणून. मुलांना आधीच सांगून ठेवा, तिथे रडारड नको.

मग आधी काहीच होत नाही. लोक कुजबुजतात, माना वळवतात. आणि मग तोंडातून एक करडी वावटळ वर यायला लागते, घड्याळाच्या उलट दिशेने गोल गोल फिरत, आणि वर येऊन लांब दोरी होऊन आग्नेयेकडे जाते. पुढच्या रांगेत असाल तर पंखांची सळसळ ऐकू येते. कधी वीस मिनिटांत संपतं, कधी दोन तास चालतं. १८९८ मधे जिम व्हाइट नावाच्या पोरसवदा काउबॉयला हेच लांबून धुरासारखं दिसलं, तो बघायला आला, आणि पुढे आयुष्यभर या गुहेच्याच मागे राहिला. विजा चमकत असतील तर कार्यक्रम रद्द होतो, जुलै-ऑगस्टमधे संध्याकाळचे ढग येतातच, म्हणून जमलं तर दोन संध्याकाळी हातात ठेवा.

परतताना

अंधारात त्या ७ मैलांच्या रस्त्यावर हरणं आडवी येतात, हळू चालवा. रात्री तिथेच कार्ल्सबॅडला मुक्काम केलेला बरा. एल पासोकडे परत जाणार असाल तर ६२/१८० वर बॉर्डर पेट्रोलचं, म्हणजे सीमेवरच्या गस्ती पोलिसांचं, चेकपोस्ट लागतं, सगळ्या गाड्या थांबवतात आणि नागरिकत्व विचारतात. व्हिसावर असाल तर मूळ पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या सरकारी नोंदीची) प्रिंट, ग्रीन कार्ड असेल तर कार्ड, प्रत्येकाचं, आई-बाबांचं पण, आणि ते डिकीतल्या बॅगेत नको, पुढे हाताशी ठेवा.